शनिवार-रविवारचा बंगला, सोमवारचं कुलूप

अलिबाग तालुक्यात किहीम, आवास, सासवणे, नागाव इथे भाड्याने दिल्या जाणाऱ्या बंगल्यांचा आठवडा ठरलेला असतो. शुक्रवारी रात्री गाड्या येतात, रविवारी दुपारी परततात. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाली, आपली गाडी बोटीत घालून थेट येण्याची सोय झाली, आणि सुट्टीच्या दिवसांची वर्दळ वाढली. सोमवार ते गुरुवार मात्र याच बंगल्यांत एसी, मोठा टीव्ही, फ्रिज, गाद्या, भांडीकुंडी, पंप, इन्व्हर्टरची बॅटरी असा अख्खा संसार कुलपाआड पडून असतो आणि घरात माणूस नसतो. लोणावळा, कर्जत, महाबळेश्वर, गोव्यातलं आसगाव किंवा शिवोली, सगळीकडे चित्र हेच.

चोरीची धास्ती वाटली की मालक आधी कॅमेरेवाल्याला फोन करतो. हा क्रम मला पटत नाही. कॅमेरा चोर दाखवतो, अडवत नाही. जुलै 2025 मध्ये पवना धरणाजवळ तिकोना इथलं अभिनेत्री संगीता बिजलानी यांचं फार्महाऊस फोडल्याचं उघडकीला आलं. काही महिने बंद असलेल्या त्या घराच्या खिडक्यांचे गज तोडलेले होते, टीव्ही गेला होता आणि कॅमेरेही फोडलेले होते. म्हणून पैसा आणि वेळ या क्रमाने घाला: आधी माणूस, मग दार-खिडकी-छप्पर, मग किल्ल्या, सगळ्यात शेवटी कॅमेरा. पुढची कृती त्याच क्रमाने लिहिली आहे.

सुरुवात फेरीने

काही विकत घेण्याआधी कागद, पेन आणि टॉर्च घेऊन बंगल्याभोवती दोन फेऱ्या मारा. एक दिवसा, दुसरी अंधार पडल्यावर सगळे दिवे बंद करून. गेटपासून निघा आणि कुंपणाला धरून चाला. प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी लिहायच्या: इथून वर चढता येईल का, इथे लपता येईल का, आणि फोडायला हाताशी काय सापडेल.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मागच्या शेडमध्ये मिळतं. माळ्याची पहार, कुदळ, कोयता आणि नारळ उतरवायची शिडी तिथे भिंतीला टेकून ठेवलेली असते. चोराला हत्यार घेऊन रस्त्याने यावं लागत नाही, तुमचीच पहार तुमच्याच दाराला लागते. शेडला दार बसवा, कुलूप लावा. शिडी आत मावत नसेल तर साखळीने खांबाला जखडून ठेवा. खर्च किरकोळ आहे, काम एका सकाळचं.

चिऱ्याचं कुंपण सहसा छातीइतकं असतं. त्याला खाचा असतात आणि पाय ठेवायला जागा मिळते. ते उंच करण्यापेक्षा त्याला लागून असलेली झाडं आधी पाहा. फणसाची किंवा आंब्याची जी फांदी कुंपणावरून थेट छपरावर गेली आहे, ती छाटा. खिडकीखाली वाढलेली जास्वंद कमरेइतकी ठेवा. काटेरी बोगनवेल मात्र कुंपणावर खुशाल वाढू द्या, ती तारेपेक्षा बरी दिसते आणि ओलांडणाऱ्याला ओरखडते. समुद्राच्या किंवा ओढ्याच्या बाजूकडे जास्त लक्ष द्या. मालक रस्त्याकडून येतो आणि रस्त्याकडची बाजू सजवतो, मागची बाजू त्याने वर्षानुवर्षं नीट पाहिलेली नसते.

माणूस आणि गाव

आवारात कुटुंबासह राहणारा राखणदार हा सगळ्यात मोठा बंदोबस्त. संध्याकाळी आउटहाऊसमध्ये दिवा लागतो, मुलं अंगणात खेळतात, चुलीचा किंवा फोडणीचा वास येतो, हे ज्या घरात आहे त्या घराच्या वाट्याला चोर सहजी जात नाही. त्याची खोली गेटजवळ असावी, बंगल्याच्या मागे कोपऱ्यात नसावी. ठेवण्याआधी त्याची ओळखपत्रं पाहा, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. सुरक्षा एजन्सीचा रखवालदार घेत असाल तर त्या एजन्सीकडे खासगी सुरक्षा एजन्सी विनियमन अधिनियम, 2005 खालचा परवाना आहे का ते विचारा आणि प्रत मागा.

पगार महिन्याच्या ठरल्या तारखेला द्या. रजा लिहून ठेवा. गणपतीला, होळीला, गावच्या जत्रेला राखणदार घरी जाणारच, आणि जायलाच हवा. त्या दिवसांसाठी बदली माणूस आधीच ठरलेला असू द्या, कारण राखणदार कधी नसतो हे गावात सगळ्यांना माहीत असतं.

त्याला काय करायचं हे सांगता, तसं काय करायचं नाही हेही स्पष्ट सांगा. रात्री आवाज आला तर एकट्याने काठी घेऊन अंधारात जायचं नाही. खोलीतूनच बाहेरचे सगळे दिवे लावायचे, भोंगा वाजवायचा, 112 ला फोन करायचा, मग शेजाऱ्याला. दिव्यांचा एक मुख्य स्विच आणि भोंग्याचं बटण त्याच्या उशाशी बसवून द्या. इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. गेलेला टीव्ही परत घेता येतो. त्याच्या जिवाला काही झालं तर त्याच्या घरच्यांना तुम्ही काय सांगणार?

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बंगल्यात चोरी झाली की पहिलं बोट राखणदाराकडे जातं. त्याने काही केलेलं नसतं, तरी पोलीस ठाण्यात तासन् तास बसावं लागतं, गावात नाव जातं. किल्ल्यांची वही, रविवारचा व्हिडिओ, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद हे सगळं पुढे येईल. ते तुमच्या सामानासाठी आहेच, पण एका गरीब माणसाची अब्रूही त्यातच राखली जाते. त्याला हे याच शब्दांत समजावून सांगा. मग वही तो स्वतःहून भरतो.

गावाशी ओळख ठेवा. ग्राम पोलीस अधिनियम, 1967 प्रमाणे गावात पोलीस पाटील नेमलेला असतो. त्याला जाऊन भेटा, तुमचा आणि राखणदाराचा नंबर द्या. हद्द कोणत्या पोलीस ठाण्याची ते विचारून घ्या. शेजारच्या वाडीच्या मालकाशी बोलणं असू द्या. मुंबईचा मालक येतो, गेट लावून घेतो आणि दोन दिवसांनी निघून जातो. अशा घराच्या आवारात अनोळखी टेम्पो उभा राहिला तर गावातल्या कुणाला वावगं वाटणार? ज्याच्याशी तुम्ही दोन शब्द बोललात, तो फोन करून विचारतो, "शेट, तुमच्याकडे आज सामान हलवतायत का?"

दार, खिडकी, छप्पर

घरफोडीच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असतं: दाराचा कडी-कोयंडा उचकटून चोरट्यांनी आत प्रवेश केला. त्यात सगळं आलं. सात लिव्हरचं भारी कुलूप जागच्या जागी लटकत असतं आणि कोयंडा मात्र चौकटीतून उखडलेला असतो. कारण तो अर्ध्या-पाऊण इंचाच्या चार स्क्रूंवर बसवलेला होता, आणि पहारीचं टोक आत गेलं की ते स्क्रू लाकडासकट निघून येतात.

म्हणून कुलूप बदलण्याआधी कोयंडा बदला. सुताराला सांगा, कडी आणि कोयंडा दोन्ही आरपार नट-बोल्टने बसव, नट आतल्या बाजूला आणि त्याखाली लोखंडी पट्टी. बोल्टचं बाहेरचं डोकं गुळगुळीत घुमटीचं हवं, म्हणजे त्याला पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. चौकट भिंतीत पक्की आहे ना, हेही हाताने ढकलून पाहा. वाळवी लागलेल्या चौकटीत कितीही चांगला बोल्ट घातला तरी उपयोग नाही.

स्वयंपाकघराचं मागचं दार बरेचदा बाहेर उघडतं. त्याच्या बिजागऱ्या बाहेर असतात आणि पिन ठोकून काढली की कुलपाला हात न लावता दार बाजूला होतं. पिनेची टोकं वेल्डिंगने बंद करून घ्या. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, चौकटीत पूर्ण बसत नाही आणि लॅच अर्धवटच अडकतो. जूनआधी रंधा मारून घ्या.

याहून स्वस्त आणि याहून खात्रीचा उपाय कोकणातल्या जुन्या घरांत आहे, तो म्हणजे अडसर. बाहेरून कुलूप लागणारं दार बंगल्याला एकच ठेवा. मागचं दार, पडवीचं दार, गच्चीचं दार, सगळ्यांना आतून आडवा अडसर. लाकडी वासा असो की लोखंडी पट्टी, दोन्ही टोकं भिंतीत बसवलेल्या मजबूत आकड्यांत जायला हवीत. बाहेरून त्याला ना कडी दिसते, ना भोक. पाहुणे घरात असताना मात्र अडसर किल्लीशिवाय, एका हाताने काढता आला पाहिजे. आग लागली तर दार शोधत बसायला वेळ नसतो. त्याच कारणाने प्रत्येक झोपायच्या खोलीत एका खिडकीचे गज आतून उघडता येतील असे ठेवा.

नव्या व्हिलांमध्ये तरणतलावाकडे ॲल्युमिनियमची मोठी सरकती काचदारं असतात. दिसायला सुंदर, आणि बहुतेकांचा लॅच बोटाएवढा. कितीतरी दारं खालून उचलली की रुळावरून निघतात. दोन कामं करा. सागवानी पट्टी किंवा ॲल्युमिनियमचा पाइप रुळाच्या मापाने कापून दार बंद केल्यावर रुळात आडवा टाका, म्हणजे लॅच तुटला तरी दार सरकत नाही. आणि वरच्या रुळात दोन स्क्रू असे बसवा की दाराच्या माथ्यावर जेमतेम सरकण्यापुरती फट उरेल. मग दार उचलता येत नाही. हेच सरकत्या खिडक्यांनाही करा.

न्हाणीघरातल्या काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीकडे कुणी पाहत नाही. पट्ट्या ज्या पत्र्याच्या चिमट्यांत बसतात, ते चिमटे बोटाने वाकतात आणि एकेक पट्टी आवाज न करता निघते. लहान अंगाचा मुलगा तिथून सहज आत येतो आणि दार उघडून देतो. आतून पक्के गज बसवा आणि पट्ट्यांच्या टोकांना सिलिकॉन भरा. गजांबद्दल एकच नियम: भिंतीत गाडलेले हवेत, खिडकीच्या चौकटीवर बाहेरून स्क्रूने मारलेले नकोत.

आता छप्पर. कौलारू बंगला पाहुण्यांना आवडतो, भाडंही चांगलं मिळतं. पण मंगळुरी कौलं रिपांवर नुसती टेकलेली असतात. मागच्या पडवीची वळचण हाताला लागेल इतकी खाली असते. तिथून वर चढून चार-सहा कौलं बाजूला केली आणि रीप मोडली की माणूस आत उतरू शकतो. कौलं सारून झालेल्या चोऱ्या कोकणाला नव्या नाहीत. उपाय म्हणजे कौलांच्या खाली, वाशांवर दोन इंची चौकोनाची वेल्डेड जाळी. ती वाशांना स्क्रू आणि रुंद वॉशर लावून पक्की करा, तारेने बांधलेली पक्कडीने सुटते. सगळ्या छपराला करणं परवडत नसेल तर निदान वळचणीला लागून असलेल्या खोल्यांवर, म्हणजे स्वयंपाकघर, कोठी आणि न्हाणीघर यांवर करा. कौलं परतण्याचं काम दर उन्हाळ्यात निघतंच, त्याच मजुरांकडून जाळी बसवून घेतली तर मजुरी वाचते.

खाऱ्या हवेचं एक सांगतो. समुद्रालगत साधं लोखंडी कुलूप लवकर गंजतं आणि मग ते उघडं ठेवण्याची सवय लागते. पितळी कुलूप घ्या. स्टेनलेस स्टीलचं काही घ्यायचं असेल तर 304 ऐवजी 316 प्रतीचं मागा, ते खाऱ्या वाऱ्याला जास्त टिकतं. कुलपात खोबरेल तेल घालू नका, त्यावर धूळ बसून चिकटा होतो. ग्रॅफाइटची पूड घाला.

किल्ल्या

भाड्याच्या घराची खरी दुखरी नस ही. एका वर्षात किती हातांतून ती किल्ली गेली, हे मालकाला सांगता येत नाही. पाहुणा बाजारात जाऊन दहा मिनिटांत नक्कल करून घेऊ शकतो. म्हणून पाहुण्याच्या हातात मुख्य दाराची धातूची किल्ली शक्यतो देऊच नका. आकडे दाबून उघडणारं डिजिटल कुलूप बसवा आणि प्रत्येक बुकिंगला नवा आकडा द्या. रविवारी पाहुणा गेला की तो आकडा पुसा. पाहुण्याच्या मोबाईलचे शेवटचे चार अंक कोड म्हणून ठेवण्याची पद्धत पडली आहे, ती सोडा, कारण तो नंबर इतर दहा जणांकडे असतो. बटणांवर काही आकड्यांचा रंग उडालेला दिसू लागला तर तेच आकडे वारंवार वापरले जात आहेत, असं समजा. सेल दर तीन महिन्यांनी बदला. आणि कुलपाबरोबर आलेली आणीबाणीची किल्ली त्याच घराच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका.

साधं कुलूपच ठेवायचं असेल तर सारख्या दिसणाऱ्या तीन-चार कुलपांचा संच घ्या आणि ती आलटून पालटून लावा. कुंडीखाली, मीटरच्या पेटीत, तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात किल्ली ठेवायची नाही. या जागा सगळ्यांनाच माहीत असतात.

एक वही घाला. तारीख, किल्ली क्रमांक, कुणाला दिली, कधी परत आली, सही. किल्लीच्या बिल्ल्यावर बंगल्याचं नाव लिहू नका, नुसता आकडा लिहा. तरणतलाव साफ करणारा, माळी, प्लंबर यांना पंपघराची किल्ली पुरते. घराची द्यायचं कारण नाही.

दिवे, इंटरनेट आणि मग कॅमेरा

दिवसरात्र जळणारा बाहेरचा बल्ब घर रिकामं असल्याची जाहिरात करतो. त्यापेक्षा मागच्या बाजूला हालचाल टिपून पेटणारे दिवे लावा, आणि आतल्या एका खोलीतला दिवा टायमरवर संध्याकाळी सात ते साडेदहा चालू द्या. गेटसमोरचा पालापाचोळा रोज झाडून घ्या, साचलेला पाला लांबूनच सगळं सांगतो.

कॅमेरे चार पुरतात, पण जागा विचारपूर्वक निवडा. वळचणीखाली दहा फुटांवर लावलेल्या कॅमेऱ्यात टोपीच दिसते, चेहरा दिसत नाही. एक कॅमेरा तरी गेटच्या खांबावर, माणसाच्या नजरेच्या उंचीला, लोखंडी पेटीत बसवा. दुसरा गाडीचा नंबर वाचता येईल असा. रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवण्याची चूक फार घरांत दिसते. चोर टीव्हीबरोबर तोही घेऊन जातो. तो माळ्यावर कुलपात ठेवा आणि चित्रण क्लाऊडवरही जाऊ द्या. निदान 30 दिवसांचं चित्रण साठलं पाहिजे, कारण चोरी लक्षात येते ती बरेचदा उशिरा. घड्याळाची वेळ बरोबर आहे ना, हे महिन्यातून एकदा तपासा. चुकीच्या वेळेचं चित्रण तपासात गोंधळ घालतं.

वीज जाते तेव्हा राउटर आणि रेकॉर्डर दोन्ही इन्व्हर्टरवर हवेत. केबल तुटली तर पर्याय म्हणून सिमकार्डवर चालणारा राउटर ठेवा. रात्री कॅमेऱ्याच्या अवरक्त दिव्याभोवती किडे जमतात, त्यांच्यामागे कोळी येतो आणि भिंगासमोर जाळं विणतो. मग पडद्यावर नुसता पांढरा धूर दिसतो. राखणदाराला सांगा, आठवड्याला एकदा केरसुणीच्या टोकाने जाळं काढ आणि मऊ फडक्याने भिंग पूस.

घराच्या आत कॅमेरा लावू नका. एअरबीएनबीने 30 एप्रिल 2024 पासून घरातल्या कॅमेऱ्यांवर सरसकट बंदी घातली आहे. न्हाणीघरात किंवा झोपायच्या खोलीत बाईमाणसाचं खासगी चित्रण करणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे. बाहेरचे कॅमेरे कुठे आहेत, हे बुकिंगच्या वेळीच लेखी सांगा. तरणतलावावर रोखलेला कॅमेराही पाहुण्यांच्या मुक्कामात बंद ठेवणं मला योग्य वाटतं.

जाहिरात आणि पाहुणे

तुमच्या बंगल्याचं बुकिंगचं कॅलेंडर कुणीही पाहू शकतो. कोणते दिवस रिकामे, हे त्यात चौकोनाचौकोनात लिहिलेलं असतं. म्हणून भाड्याने न जाणारे काही दिवस तुम्ही स्वतःच बंद करून ठेवा, म्हणजे भरलेला कुठला आणि बंद ठेवलेला कुठला हे बाहेरच्याला कळत नाही. फोटोंत कुलूप, तिजोरी, मागचं दार, रेकॉर्डर येऊ देऊ नका. नेमका पत्ता पैसे भरल्यावरच पाठवा. "राखणदार चोवीस तास आवारात" हे ठळक लिहा. "संपूर्ण एकांत, आवारात कुणी नाही" असं लिहून पाहुणे मिळत असतील, पण ते वाक्य पाहुण्यांशिवाय इतरही वाचतात.

येणाऱ्या प्रत्येक प्रौढाचं ओळखपत्र घ्या, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नको. आधारची पूर्ण प्रत लागत नाही, शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार चालतं. त्या प्रती व्हॉट्सॲपच्या गटात फिरवू नका, पाहुण्याची कागदपत्रं ही तुमच्याकडे सोपवलेली ठेव आहे. गाडीचा नंबर वहीत लिहा. परदेशी पाहुणा असेल तर 24 तासांत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरावी लागते. अनामत रक्कम ठेवा आणि आत येताना टीव्ही, स्पीकर, मिक्सर चालू आहेत हे दाखवून सही घ्या.

पाहुणे घरात असतानाही चोरी होते, आणि ती बहुधा पहाटे होते. सगळे उशिरा झोपलेले असतात, तळमजल्याच्या खिडक्या वाऱ्यासाठी उघड्या असतात, मोबाईल खिडकीशेजारी चार्जिंगला असतो. बाहेरून गजांतून काठी येते, तिच्या टोकाला आकडा असतो, आणि पर्स किंवा पँट अलगद ओढली जाते. तळमजल्याच्या गजांना आतून मच्छरदाणीची नव्हे, तारेची बारीक जाळी लावा. प्रत्येक खोलीत लहान तिजोरी भिंतीत बोल्टने बसवा. तिचा कारखान्यातून आलेला मास्टर कोड पहिल्याच दिवशी बदला, नाहीतर ती मॉडेल ओळखणाऱ्या कुणालाही उघडते. पाहुण्यांना हे सांगताना घाबरवू नका. "रात्री खालच्या खिडक्या लावून घ्या आणि मोबाईल, पाकीट तिजोरीत ठेवा," एवढं राखणदाराने जेवण वाढताना म्हटलं तरी पुरतं.

रविवारी दुपारी

पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडली की हा क्रम, एकही पायरी न गाळता. वरच्या मजल्यापासून सुरुवात. राखणदार मोबाईलवर व्हिडिओ चालू करतो आणि प्रत्येक खिडकीची कडी नुसती पाहत नाही, हाताने ओढून पाहतो. गच्चीचं दार, अडसर. मग खाली. टीव्ही, स्पीकर, रिमोट, मिक्सर मोजायचे. सरकत्या दारांच्या रुळात पट्ट्या टाकायच्या. मागचं दार, अडसर. गॅसचा नळ बंद. सहज उचलता येईल असं सामान कोठीच्या खोलीत आणि तिला वेगळं कुलूप. दिव्याचा टायमर लावायचा. पुढचं दार बंद, कुलूप ओढून पाहायचं, त्याचा फोटो. शेवटी शेड, शिडी, गेट. व्हिडिओ आणि फोटो मालकाला पाठवायचा, डिजिटल कुलपाचा आकडा मालकाने पुसायचा. सरावाने हे वीस मिनिटांत होतं. मालकाने तो व्हिडिओ त्याच दिवशी पाहायला हवा. कुणी पाहत नाही हे कळलं की चौथ्या आठवड्यात तो यायचा बंद होतो.

पावसाळ्यात हीच कृती पुरत नाही. मुंबईच्या गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच त्या काळात बंद असतात, बुकिंग कमी होतं, मालकाची फेरी लांबते. कौलांवर पाऊस कोसळत असताना शेजारच्या खोलीत कौल फुटलेलंही ऐकू येत नाही. तणं कमरेइतकी वाढतात. या महिन्यांसाठी टीव्ही, स्पीकर, बॅटरी एका आतल्या खोलीत हलवा, त्या खोलीला लोखंडी दार असेल तर उत्तम. आवारातली तणं पंधरवड्याला काढा, आणि मालकाने किंवा त्याच्या विश्वासातल्या माणसाने आठवड्यातून एकदा तरी सगळ्या खोल्या उघडून पाहाव्यात. ओल आलेली भिंतही त्याच फेरीत कळते.

विमा, आणि घर फुटलंच तर

भारत गृह रक्षा ही 1 एप्रिल 2021 पासून मिळणारी प्रमाणित पॉलिसी आग, पूर, वादळ यांसाठी आहे. चोरी तिच्यात येते ती अशा आपत्तीनंतर, आपत्तीमुळे सात दिवसांत झालेली. साधी घरफोडी त्यात बसत नाही, तिच्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. घर भाड्याने देता हे अर्जात लिहा. लपवलंत तर दावा अडकतो. बरेच दिवस घर रिकामं राहिलं तर संरक्षण थांबतं, अशी अट अनेक पॉलिसींत असते, तिचे दिवस मोजून वाचा. प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक, बिल आणि फोटो ईमेलमध्ये जपून ठेवा.

दार उघडं दिसलं तर आत जाऊ नका. चोर आतच असू शकतो. गेटबाहेर येऊन 112 ला फोन करा. पोलीस येईपर्यंत कडी, काच, कपाट कशालाही हात लावू देऊ नका आणि झाडलोटही नको, ठसेतज्ज्ञांना आणि श्वानपथकाला जे हवं असतं ते त्यातच असतं. मालक मुंबईत किंवा पुण्यात असेल तर तिथल्या पोलीस ठाण्यातही शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. फिर्यादीत नुसतं "चोरी झाली" असं लिहून थांबू नका. कोणतं दार, कसं फोडलं, काय तुटलं हे सविस्तर लिहून घ्या, कारण विमा कंपनी जबरदस्तीने प्रवेश झाल्याचा पुरावा मागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेऊनच निघा. पाहुण्यांचे मोबाईल गेले असतील तर संचार साथीच्या पोर्टलवर आयएमईआय नंबर देऊन ते बंद करता येतात. आणि तपास संपेपर्यंत राखणदारावर स्वतःहून आरोप करू नका. त्याच्या वतीने वही आणि व्हिडिओ पोलिसांपुढे ठेवा.

सगळं एका आठवड्यात होणार नाही, पण म्हणून थांबूही नका. आज संध्याकाळी राखणदाराला फोन करा आणि मागच्या दाराच्या कोयंड्याचा जवळून फोटो मागवा. त्यावर स्क्रू दिसत असतील तर येत्या मंगळवारी सुतार बोलवा.